४,०९६ जीपीयूंचे सहा महिने: इंडियाएआय मिशनच्या संगणन-सोयीचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी इंडियाएआय मिशनला, म्हणजे देशात एआय उभारण्याच्या सरकारी योजनेला, मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये, आणि त्यातले ४,५६३.३६ कोटी, म्हणजे शंभरातले ४४ रुपये, एकट्या संगणन-क्षमतेसाठी. सुरुवातीचं उद्दिष्ट १० हजारांहून जास्त जीपीयूंचं (एआयची हजारो गणितं एकाच वेळी करणाऱ्या चिपांचं) होतं. ३० जानेवारी २०२५ ला १८,६९३ जीपीयू जाहीर झाले. त्यात एनव्हिडिया कंपनीचे १२,८९६ एच१०० आणि १,४८० एच२०० होते. मेअखेर आकडा ३४ हजारांपुढे गेला, पुढच्या फेरीत ३८ हजारांपुढे.

ही यंत्रं सरकारने विकत घेतलेली नाहीत. खासगी डेटा सेंटर कंपन्यांना निविदेतून पॅनेलवर घेतलं. प्रत्येक प्रकारच्या चिपसाठी सर्वांत कमी बोली ठरली आणि बाकीच्यांनी त्या दराला यायचं, असा हिशेब. पहिल्या फेरीत सरासरी दर तासाला जीपीयूमागे ११५.८५ रुपये निघाला. पात्र वापरकर्त्याला त्यावर ४० टक्क्यांपर्यंत अनुदान. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय भाषांचं पायाभूत मॉडेल (ज्यावर पुढे अनेक उपयोग उभे राहतात असं मोठं भाषा-मॉडेल) घडवण्यासाठी सर्वम एआय या कंपनीची पहिली निवड झाली आणि तिला ४,०९६ एच१०० सहा महिन्यांसाठी देण्याचं ठरलं.

इथे तपासायचा आहे तो या वाटपाचा आकार. त्या कंपनीची कामगिरी हा विषय नाही. भाड्याने घेतलेल्या ४,०९६ चिपांचं एक यंत्र व्हायला काय काय लागतं, कुठे पाणी मुरतं आणि करारात काय लिहून घ्यायला हवं, एवढंच. पुढची गणितं एवढ्या आकाराच्या कुठल्याही गठ्ठ्याला लागू पडतील.

आधीचं यंत्र: एकाच चिपचे दोन आकडे

सी-डॅक ही सरकारी संगणन-संस्था १९८८ मध्ये पुण्यात उभी राहिली, १९९१ मध्ये तिचा परम ८००० महासंगणक आला, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, त्यातून ती सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनेच एआय चिपांच्या निर्यातीवर देशनिहाय मर्यादा घालणारा नियम आणला आणि भारताला दुसऱ्या गटात बसवलं. मे महिन्यात तो मागे घेतला. पस्तीस वर्षांत चिप बदलल्या, दाराशी उभं राहणं काही सुटलं नाही.

२०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातली, ४,५०० कोटींची, यंत्रं मुख्यतः हवामान, द्रवगतिकी, रेणूंची रचना अशा कामांसाठी होती. त्यांना ६४ बिटांची अचूकता लागते. एआय डोळ्यांसमोर ठेवून उभारलेलं मोठं यंत्र म्हणजे २०२० चं परम सिद्धी-एआय: ४२ डीजीएक्स ए१०० नोड (नोड म्हणजे एकेक सर्व्हर), प्रत्येकात ८ जीपीयू, एकूण ३३६. जगातल्या महासंगणकांच्या नोव्हेंबर २०२० च्या टॉप-५०० यादीत ते ६३ वं होतं. त्याची क्षमता दोन प्रकारे सांगितली जाते: ४.६ पेटाफ्लॉप्स आणि २१० एआय पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं; टेराफ्लॉप्स त्याचा हजारावा भाग, एक्झाफ्लॉप्स हजारपट). दोन्ही खरे आहेत.

पहिला आकडा लिनपॅक या समीकरणं सोडवण्याच्या प्रमाणित चाचणीत ६४ बिटांत प्रत्यक्ष मोजलेला. दुसरा असा येतो: ए१०० ची १६ बिटांतली कमाल गती, तीही मॅट्रिक्समधल्या निम्म्या जागा ठरावीक पद्धतीने शून्य धरून, ६२४ टेराफ्लॉप्स. त्याला ३३६ ने गुणा, २०९.७ पेटाफ्लॉप्स. पण मोठं मॉडेल शिकवताना ही शून्यांची सवलत सहसा वापरत नाहीत, म्हणजे लगेच निम्मे, १०५. उरलेल्यातलं ४० टक्के हाती लागलं तरी शिकवणारे लोक समाधानी असतात. राहिले ४२. जाहिरातीतल्या पाच पेटाफ्लॉप्समधला एक कामाला लागतो.

पुढे २०० एआय पेटाफ्लॉप्सचं ऐरावत याला जोडलं गेलं. एकत्रित ४१० एआय पेटाफ्लॉप्स, लिनपॅकवर ८.५ पेटाफ्लॉप्स, जून २०२३ च्या यादीत ७५ वा क्रमांक. धोरणाच्या कागदावर यातला कुठला आकडा लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय दोन देशांची तुलना करू नये. ‘३८ हजार जीपीयू’ या आकड्याचंही तसंच आहे. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पिढ्यांच्या आणि ताकदीच्या चिप आहेत आणि त्या वेगवेगळ्या इमारतींत आहेत. त्यातल्या किती एका जाळ्यात आहेत, हा खरा प्रश्न.

भाड्याने का?

सरकारी निविदा, इमारत, वीजजोडणी, आयात, जोडणी, चाचणी या सगळ्याला दीड-दोन वर्षं सहज जातात. ए१०० २०२० मध्ये आली, एच१०० २०२२ मध्ये, ब्लॅकवेल २०२४ मध्ये. निविदेत लिहिलेली चिप यंत्र सुरू होईपर्यंत मागच्या पिढीची होते. भाड्यात ही जोखीम पुरवठादाराकडे जाते आणि पैसा पहिल्या महिन्यापासून संशोधकापर्यंत पोहोचतो. एक-दोन नोडांचं काम असलेल्या स्टार्टअपसाठी किंवा विद्यार्थ्यासाठी हा मार्ग उत्तम आहे, यात वाद नाही. (विद्यार्थ्याच्या प्रयोगाला तर अख्खी एच१००सुद्धा देऊ नये. एका चिपचे हार्डवेअरमध्येच सात स्वतंत्र भाग पाडता येतात.)

अडचण ४,०९६ च्या गठ्ठ्याला येते. इथे भाड्याचा करार ‘ताशी दर गुणिले चिप’ एवढाच असून चालत नाही. तो महासंगणकाच्या निविदेसारखा वाचता आला पाहिजे.

जाळं

एच१०० नोडमध्ये ८ चिप असतात आणि त्या आपसांत एनव्हीलिंक या थेट दुव्याने, दोन्ही दिशा मिळून, सेकंदाला ९०० गिगाबाइट वेगाने बोलतात, म्हणजे एका दिशेला ४५०. नोडबाहेर पडलं की प्रत्येक चिपच्या वाट्याला इन्फिनीबँड या नोड जोडणाऱ्या जाळ्याचं ४०० गिगाबिटचं एक कार्ड, म्हणजे एका दिशेला ५० गिगाबाइट. वेग नऊपट घसरतो. म्हणून मॉडेलचा एकेक थर तोडून वाटायचा तो नोडच्या आत, आणि नोडांमध्ये मुख्यतः ग्रेडियंटची (प्रत्येक पावलाला मॉडेल किती बदलायचं याच्या आकड्यांची) बेरीज फिरवायची, असा प्रघात आहे.

५१२ नोड, ४,०९६ कार्डं. स्विच ६४ पोर्टचे. दोन मजली फॅट-ट्री जाळ्यात अशा स्विचांनी कुणाचाही मार्ग अरुंद न करता जास्तीत जास्त ६४ × ६४ ÷ २ = २,०४८ टोकं जोडता येतात. आपल्याला दुप्पट हवीत, म्हणजे तिसरा मजला आला: तळाशी १२८ स्विच, मध्ये १२८, वर ६४. एकूण ३२० स्विच आणि प्रत्येक पातळीवर ४,०९६ प्रमाणे १२,२८८ जोडण्या.

खर्चाला कात्री लावायची तर पहिली नजर तिसऱ्या मजल्यावर जाते. तो पातळ केला की २,०४८ ची दोन बेटं उरतात आणि मध्ये अरुंद पूल. लहान कामाला फरक कळतच नाही. सगळ्या ४,०९६ वर एकच मॉडेल चढवलं की प्रत्येक पावलाला त्या पुलावर रांग लागते. करारात ‘४,०९६ एच१००, ४०० गिगाबिट इन्फिनीबँड’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुरवठादाराने अट पाळलेलीच असते. ‘सर्व ४,०९६ टोकांमध्ये पूर्ण द्विभाजन बँडविड्थ’ (म्हणजे जाळ्याचे दोन अर्धे भाग एकमेकांशी पूर्ण वेगाने बोलतील) हे शब्द लिहून घ्यावे लागतात आणि सगळ्या नोडांवर एकदम ऑल-रिड्यूस (सगळ्यांची बेरीज करून ती सगळ्यांना परत देणं) चालवून मोजावे लागतात. नोडची आठ कार्डं मिळून ४०० गिगाबाइट होतात. मोठ्या संदेशांवर त्याच्या ८० टक्क्यांखाली आकडा आला तर पुढे न जाता कारण शोधावं.

कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. दोन खोल्यांना जोडणाऱ्या एकल-मोड तंतूचा गाभा ९ मायक्रॉनचा. जोडणी करताना टोपण काढून केबल दोन मिनिटं लटकत ठेवली की त्याहून मोठा धुळीचा कण टोकावर बसतो. दुवा चालू दिसतो, दिवा हिरवा असतो, फक्त चुका सुधारण्यासाठी फेरपाठवणी वाढते आणि मधूनच दुवा क्षणभर पडून पुन्हा उठतो. प्रत्येक टोक लावण्याआधी सूक्ष्मदर्शीखाली पाहून, पेनासारख्या क्लीनरने पुसून लावणं हे १२ हजार जोडण्यांना कंटाळवाणं काम आहे. ते टाळलं तर पुढचे सहा महिने तेच शोधत बसावं लागतं.

वीज आणि उष्णता

डीजीएक्स एच१०० नोडची कमाल भूक १०.२ किलोवॉट. ५१२ नोडांचे ५.२ मेगावॉट, स्विच, साठवण आणि इतर सर्व्हरसाठी दहाएक टक्के धरले की ५.७. शीतकरणासह इमारतीचा गुणक १.४ धरला तर मीटरवर ८ मेगावॉट. पूर्ण भाराने १८३ दिवसांत साडेतीन कोटी युनिट होतात. गुणक १.४ ऐवजी १.२ असेल तर ५० लाख युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर जीपीयूच्या तासाभराच्या दरातले साधारण १६ रुपये विजेचे. म्हणजे भाड्याचा मोठा वाटा विजेचा नसून चिपच्या घसाऱ्याचा आणि भांडवलावरच्या व्याजाचा असतो, आणि म्हणूनच चिप रिकामी बसणं विजेच्या बिलापेक्षा महाग पडतं.

एका रॅकमध्ये चार नोड ठेवले तर ४१ किलोवॉट. हवेचं तापमान १५ अंश वाढू द्यायचं ठरवलं तर त्या एका रॅकमधून सेकंदाला सव्वादोन घनमीटर हवा जायला हवी. तीच उष्णता पाण्याने न्यायची तर, दहा अंश वाढ धरून, सेकंदाला एक लिटर पाणी पुरतं. जुन्या डेटा सेंटरमध्ये रॅकमागे दहा किलोवॉटच्या आतबाहेर सोय असते. तिथे चारऐवजी एकच नोड ठेवावा लागतो, केबली लांबतात, तांब्याच्या जागी प्रकाश-तंतू येतात आणि वरचा धुळीचा प्रश्न वाढतो. पुढच्या पिढीच्या ७२ चिपांच्या ब्लॅकवेल रॅकला सुमारे १२० किलोवॉट लागतात. तिथे द्रव-शीतकरणाला पर्यायच नाही. आज हवेवर बेतलेली खोली तीन वर्षांनी कामाची राहणार नाही, हे भाडं ठरवतानाही पाहायला हवं.

मेटाने २०२४ मध्ये लामा ३ या आपल्या भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणाचा तपशील प्रसिद्ध केला. त्यात दुपारच्या उष्णतेने गतीत १ ते २ टक्के चढउतार नोंदला आहे. दुसरी नोंद जास्त महत्त्वाची: हजारो चिप एकाच तालात चालतात. बेरीज व्हायची वाट बघताना सगळ्या एकदम थंडावतात, काम सुरू झालं की एकदम उसळतात. ४,०९६ चिपांचे नुसते ७०० वॉटप्रमाणे २.९ मेगावॉट होतात. त्यातला मोठा हिस्सा सेकंदाच्या आत खालीवर झाला तर जनरेटर आणि यूपीएस गडबडतात. पुरवठा जनरेटरवर असताना भर कामात चाचणी घेतलेली असावी. बहुतेक ठिकाणी ती रिकाम्या यंत्रावर घेतात, आणि तिला काहीच अर्थ नसतो.

दिवसाला दोन बिघाड

त्याच अहवालात १६,३८४ एच१०० वर ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खोळंबे नोंदले आहेत. त्यातले १४८ जीपीयूच्या बिघाडाचे, ७२ तिच्या एचबीएम स्मृतीचे. याच प्रमाणात ४,०९६ ला दिवसाला साधारण दोन आणि सहा महिन्यांत साडेतीनशे खोळंबे येतात. यात कुणाचा गलथानपणा नसतो; एवढ्या भागांचं यंत्र असंच वागतं. एका चिपने मान टाकली की उरलेल्या ४,०९५ थांबतात. लॉगमध्ये एक्सआयडी (एनव्हिडियाचा चूक-क्रमांक) ७९ दिसलं तर चिप बसवरून निसटली आहे, ४८ दिसलं तर स्मृतीत न सुधारता येणारी चूक झाली आहे. पहिल्याला नोड बाहेर काढायचा. दुसऱ्याला चिप रीसेट करून तपासायची आणि पुन्हा तेच झालं तर बदलायची.

थांबलं की शेवटच्या चेकपॉइंटपासून (मॉडेलच्या जपून ठेवलेल्या प्रतीपासून) पुन्हा. हा भाग नीट पाहण्यासारखा आहे, कारण साठवणुकीवर वाचवलेला पैसा इथे कितीतरी पटींनी वसूल होतो. समजा मॉडेल १०० अब्ज प्राचलांचं (शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं) आहे. प्रत्येक प्राचलामागे १६ बिटांचं वजन २ बाइट, ३२ बिटांची मूळ प्रत ४ बाइट, ॲडम या शिकवण्याच्या पद्धतीच्या दोन नोंदी ८ बाइट, मिळून १४. चेकपॉइंट १.४ टेराबाइटचा. तो एका मिनिटात लिहायचा तर साठवणुकीला सेकंदाला २३ गिगाबाइट सलग लिहिता आले पाहिजेत.

दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर १२ तासांहून थोडं जास्त, ७४२ मिनिटं. चेकपॉइंट किती वेळाने घ्यावा याचं जुनं सूत्र आहे: लिहायला लागणारा वेळ गुणिले बिघाडांतलं अंतर गुणिले दोन, याचं वर्गमूळ. एक मिनिट लागत असेल तर दर ३८ मिनिटांनी. लिहिण्यात आणि वाया गेलेलं काम पुन्हा करण्यात मिळून ५ टक्के वेळ जातो. स्वस्तातली साठवण घेतली आणि पाच मिनिटं लागली तर दर ८६ मिनिटांनी, आणि नुकसान साडेअकरा टक्के. ४,०९६ चिप १८३ दिवस म्हणजे १ कोटी ८० लाख जीपीयू-तास. साडेसहा टक्क्यांच्या आसपासचा हा फरक साडेअकरा लाख तासांचा आणि ११५.८५ च्या दराने १३ कोटींचा. त्या पैशात बरीच चांगली फ्लॅश साठवण येते. चेकपॉइंट आधी नोडच्या स्मृतीत उतरवून मागच्या मागे साठवणुकीत ढकलण्याची पद्धत वापरली तर थांबणं आणखी कमी होतं, पण ढकलायला वेग लागतोच.

पुन्हा सुरू होण्याचा वेळ वेगळा. खराब नोड ओळखणं, बदली नोड आणणं, ५१२ नोडांवर सॉफ्टवेअर चढवणं यात प्रत्येक वेळी वीस मिनिटं गेली तरी दिवसाची चाळीस, म्हणजे आणखी पावणेतीन टक्के. रात्री दोन वाजता नोड बाहेर काढायला माणूस नसेल तर वीस मिनिटांचे सहा तास होतात. म्हणून जोडलेले, तपासलेले, त्याच जाळ्यातले १० ते १६ राखीव नोड हवेत, आणि ते ४,०९६ च्या वर. पुष्कळदा राखीव म्हणून जे दाखवतात ते गोदामातलं खोकं असतं.

बंद पडलेली चिप परवडली, कारण ती लगेच दिसते. हळू चाललेली शोधायला दिवस जातात. एखाद्या चिपने उष्णतेमुळे वेग दहा टक्के कमी केला तर सगळं यंत्र तिच्या चालीने चालतं आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. प्रत्येक पावलाला प्रत्येक नोडने किती वेळ घेतला हे लिहून ठेवून रोज सर्वांत मागचे पाच नोड काढून पाहणं, एवढा साधा उपाय आहे.

करारातलं कलम यावरूनच लिहायचं. ‘९९ टक्के उपलब्धता’ नोडनिहाय मोजली तर ५१२ पैकी ५ नोड कायम बंद असूनही अट पाळली जाते आणि सलग काम एक तासही चालत नाही. मोजायचं ते हे: ठरलेल्या आकाराचं एक काम महिन्यात किती तास प्रत्यक्ष पुढे सरकलं. भाडं त्या तासांवर. पुरवठादार यावर सहज राजी होत नाहीत, कारण वापरकर्त्याच्या कोडमधली चूकही त्यात मोजली जाईल अशी भीती असते. मध्यम मार्ग म्हणजे ठरलेलं प्रमाणित काम आठवड्याला एकदा दोन तास चालवायचं आणि दंड किंवा सूट त्यावरून लावायची.

आडात किती?

४,०९६ एच१०० ची १६ बिटांतली खरी कमाल, शून्यांची सवलत न धरता, चिपमागे ९८९ टेराफ्लॉप्स. ४० टक्के हाती लागले तर १.६ एक्झाफ्लॉप्स. बिघाड वगैरे वजा करून सहा महिन्यांत १०० अब्ज प्राचलांच्या मॉडेलला सुमारे ३८ हजार अब्ज टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) वाचून दाखवता येतात. आता दुसरी बाजू. एआय४भारत या संशोधन-गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रह या मोठ्या साठ्यात २२ भारतीय भाषांचे मिळून २५१ अब्ज टोकन आहेत. हे यंत्र तो साठा २६ तासांत एकदा वाचून संपवतं. मग उरलेले १८२ दिवस इंग्रजी, कोड, भाषांतरातून तयार केलेला मजकूर आणि तोच साठा पुन्हा पुन्हा. चिपांची मंजुरी आणि मजकुराचं संकलन ही दोन वेगळ्या गतीची कामं आहेत, आणि पहिलं फार पुढे धावलं आहे.

मराठीचा खर्च आणखी एका ठिकाणी लपलेला आहे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एक शब्द १५ चिन्हांचा, म्हणजे ४५ बाइटचा. इंग्रजीवर बेतलेला टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारा प्रोग्रॅम) असे शब्द सहा-आठ तुकड्यांत फोडतो, भारतीय भाषांसाठी बनवलेला दोन-तीनमध्ये. म्हणजे पहिला वापरला तर तेच वाक्य शिकवायला आणि पुढे रोज वापरायलाही तिप्पट जीपीयू-तास लागतात. टोकनायझर चांगला करायला काही दिवस आणि साध्या सीपीयूंचं यंत्र पुरतं. तो गठ्ठा ताब्यात येण्याआधी पक्का झालेला असावा, कारण प्रशिक्षण सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही.

मुदत संपताना

शेवटच्या पंधरवड्यात एक काम हमखास अंगावर येतं. दर काही तासांचा एक असे ५०० चेकपॉइंट जपून ठेवले असतील तर ७०० टेराबाइट होतात. १० गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून चालली तरी ते बाहेर न्यायला साडेसहा दिवस लागतात, आणि पूर्ण भरून ती कधीच चालत नाही. त्यामुळे काय ठेवायचं हे आधी ठरवावं: शेवटचे दहा पूर्ण, बाकीच्यांतली फक्त १६ बिटांची वजनं, म्हणजे सातवा हिस्सा. कुठे ठेवायचं, साठवणुकीचं भाडं कोण भरणार आणि डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ आहे की नाही, हे करारात पहिल्या दिवशी लिहिलेलं नसेल तर शेवटच्या आठवड्यात पुरवठादार सांगेल तो दर द्यावा लागतो. बिघाडांच्या सहा महिन्यांच्या नोंदी, कुठली चिप कधी गेली, कुठला दुवा किती वेळा पडला, याही त्याच पेटीत बाहेर यायला हव्यात. त्या पुरवठादाराकडेच राहिल्या तर पुढची निविदा लिहिणाऱ्याला पुन्हा मेटाच्या अहवालावरूनच अंदाज बांधावा लागेल.